कोर्रादिनो दास्कानियो

कोर्रादिनो दास्कानियो (१ फेब्रुवारी १८९१, पोपोली – ६ ऑगस्ट १९८१, पिसा) हे इटलीचे विमान अभियंते, हेलिकॉप्टरच्या आद्य संशोधकांपैकी एक आणि व्हेस्पा या स्कूटरचे रचनाकार होते. त्यांच्या हेलिकॉप्टरने १९३० साली उंची, अंतर आणि कालावधी या तिन्ही बाबतींत जागतिक विक्रम प्रस्थापित केले. मात्र हेलिकॉप्टरचे कारखान्यातून उत्पादन व्हावे, ही त्यांची इच्छा अखेरपर्यंत अपुरी राहिली. जगभर त्यांची ओळख झाली ती व्हेस्पामुळे आणि तिच्यापासून विकसित झालेल्या आपे या तीनचाकी वाहनामुळे. पुणे जिल्ह्यातील बारामती औद्योगिक वसाहतीत आजही या दोन्ही नावांची वाहने तयार होतात.

दास्कानियो यांच्या यंत्ररचनेचे एक ठळक वैशिष्ट्य म्हणजे वापरणाऱ्याच्या डोक्यावरील देखभालीचा भार कमी करणे. व्हेस्पाच्या इंजिनाला रेडिएटर नव्हता आणि त्यात पाणी किंवा कूलंट भरावे लागत नसे. इंजिनाच्याच गतीने फिरणारा पंखा त्याला थंड ठेवत असे. या साध्या योजनेमागे विमानविद्येतील तीन दशकांचा अनुभव होता.

प्रारंभिक जीवन

दास्कानियो यांचा जन्म इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातील पोपोली या डोंगराळ भागातील गावी झाला. पक्ष्यांच्या उड्डाणाचे त्यांना बालपणापासून आकर्षण होते. पक्ष्याचे वजन आणि त्याच्या पंखांचा विस्तार यांचे प्रमाण काय असते, याचा त्यांनी आपल्या परीने अभ्यास केला. वयाच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे १९०६ साली, त्यांनी घरच्या साहित्यातून एक ग्लायडर तयार केला आणि गावाजवळच्या टेकड्यांवरून तो उडवून पाहिला. राईट बंधूंचे पहिले यशस्वी उड्डाण १९०३ साली झाले होते. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी आणि यंत्रविद्येच्या मोठ्या केंद्रांपासून दूर असलेल्या गावात हा प्रयोग झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे त्यांनी तुरिन येथील तंत्रविद्या संस्थेत यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९१४ साली पदवी संपादन केली. त्याच वर्षी युरोपात पहिले महायुद्ध सुरू झाले.

पहिले महायुद्ध आणि विमानांची इंजिने

दास्कानियो स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले आणि त्यांची नेमणूक विमानदलाच्या तांत्रिक कामावर झाली. १९१५ साली इटलीत उत्पादन करण्यास योग्य अशा फिरत्या इंजिनाची निवड करण्यासाठी त्यांना फ्रान्सला पाठवण्यात आले. त्या काळच्या अनेक लढाऊ विमानांत या प्रकारचे इंजिन वापरले जाई. त्यात मधला दांडा स्थिर असून सर्व सिलिंडर त्याच्याभोवती गरगर फिरत असत. सिलिंडर स्वतःच वेगाने फिरत असल्याने त्यांच्यावरून सतत वारा वाहत राही आणि त्यांना थंड ठेवण्यासाठी पाण्याची गरज भासत नसे.

इंजिन थंड कसे ठेवायचे, हा त्या काळी विमानविद्येतील एक कळीचा प्रश्न होता. पाण्याने थंड होणारे इंजिन शांतपणे आणि समान तापमानावर चाले. परंतु रेडिएटर, नळ्या, पंप आणि पाणी यांचे वजन विमानाला वाहून न्यावे लागे. शिवाय रेडिएटरला एक गोळी लागली, तरी पाणी गळून काही मिनिटांत इंजिन निकामी होई. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला हा धोका नव्हता, पण त्याच्या प्रत्येक सिलिंडरला पुरेसा वारा मिळतो की नाही, याचा रचनाकाराला आधीच काटेकोर विचार करावा लागे. दास्कानियो यांच्या उमेदवारीच्या काळात हाच वाद अभियंत्यांपुढे होता.

१९१६ साली ते पोमिलियो या विमान कारखान्यात दाखल झाले. पोमिलियो बंधूंनी १९१८ साली अमेरिकेत व्यवसाय सुरू केला, तेव्हा दास्कानियोही इंडियानापोलिस येथे गेले. युद्ध संपल्यावर विमानांची मागणी एकदम घटली आणि ते मायदेशी परतले.

हेलिकॉप्टरचे प्रयोग

पोपोलीला परतल्यावर दास्कानियो यांनी सल्लागार अभियंता म्हणून स्वतंत्र काम सुरू केले. उदरनिर्वाहासाठी ते लहानमोठ्या यंत्रांची रचना करीत, पण त्यांचे लक्ष एकाच प्रश्नावर केंद्रित झाले होते. जमिनीवरून सरळ वर उठणारे, हवेत एका जागी स्थिर राहणारे आणि पुन्हा सरळ खाली उतरणारे यंत्र त्यांना घडवायचे होते.

१९२५ साली त्यांनी बॅरन पिएत्रो त्रोयानी यांच्यासह कंपनी स्थापन केली. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या हेलिकॉप्टरांना डीएटी हे नाव मिळाले. पहिली दोन यंत्रे अपेक्षेप्रमाणे उडू शकली नाहीत. हेलिकॉप्टरची मुख्य अडचण केवळ ताकदीची नव्हती. वरचे पाते एका दिशेने फिरू लागले की यंत्राचा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. दास्कानियो यांनी यावर एकाच दांड्यावर, एकावर एक, परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन रोटर बसवण्याचा उपाय योजला. एकाचा पीळ दुसरा नाहीसा करी. प्रत्येक पात्याचा कोन बदलता यावा म्हणून पात्यांना मागील बाजूस लहान झडपा जोडल्या होत्या, तर यंत्राला वळवण्यासाठी आणि तोल सांभाळण्यासाठी सांगाड्यावर तीन छोटे पंखे होते.

या मालिकेतील तिसरे यंत्र, डीएटी-३, यशस्वी ठरले. ऑक्टोबर १९३० मध्ये रोमजवळील चाम्पिनो विमानतळावर वैमानिक मारिनेल्लो नेल्ली यांनी ते चालवले. या उड्डाणांत हेलिकॉप्टरने १८ मीटर उंची गाठली, सरळ रेषेत एक किलोमीटरहून थोडे अधिक म्हणजे १,०७८ मीटर अंतर कापले आणि ते ८ मिनिटे ४५ सेकंद हवेत राहिले. आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाने हे विक्रम मान्य केले आणि ते काही वर्षे अबाधित राहिले. आजच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतात. परंतु त्या वेळी जगातील कोणत्याही हेलिकॉप्टरला याहून अधिक साधले नव्हते.

विक्रमानंतर मात्र व्यवसायाची घडी बसली नाही. जागतिक आर्थिक मंदीचे दिवस होते आणि इटलीच्या तत्कालीन राजवटीला प्रचलित विमानांच्या मोठ्या ताफ्यात अधिक रस होता. सरकारी पाठबळ आटले आणि कंपनी बंद पडली. पुढे जर्मनीच्या फोके-वुल्फ ६१ या हेलिकॉप्टरने १९३६ साली उड्डाण केले, तर अमेरिकेत इगोर सिकोर्स्की यांचे व्हीएस-३०० हे यंत्र १९३९ साली प्रथम जमिनीवरून उठले. हेलिकॉप्टरच्या इतिहासात ही नावे ठळकपणे नोंदवली गेली आणि दास्कानियो यांचे कार्य मागे पडले.

पियाजिओ कंपनीतील कार्य

१९३० च्या दशकाच्या प्रारंभी दास्कानियो पियाजिओ या कंपनीत रुजू झाले. जेनोआजवळ स्थापन झालेली ही कंपनी आधी जहाजांची अंतर्गत सजावट आणि रेल्वेचे डबे तयार करीत असे आणि नंतर विमाननिर्मितीत उतरली होती. तेथे दास्कानियो यांनी उड्डाण चालू असताना पात्यांचा कोन बदलता येईल अशा विमानपंख्यांची रचना केली. विमान वर चढताना आणि सरळ मार्गाने वेगात जाताना पंख्याच्या पात्यांचा कोन वेगवेगळा असावा लागतो. हेलिकॉप्टरच्या पात्यांवर केलेला अभ्यास त्यांना येथे उपयोगी पडला. याच काळात पिसा विद्यापीठात यंत्ररचनेच्या रेखाटनाचे अध्यापनही त्यांनी केले आणि ते काम अनेक वर्षे चालू ठेवले.

पियाजिओने त्यांना हेलिकॉप्टरवर काम करण्याची काही प्रमाणात मुभा दिली होती. त्यातून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पीडी-३ हे यंत्र तयार झाले. परंतु युद्धामुळे ते काम खंडित झाले. पोंतेदेरा येथील पियाजिओचा कारखाना बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला आणि पराभवानंतर इटलीच्या विमान उद्योगावर निर्बंध आले. विमानांवर पोसलेल्या कारखान्यापुढे आणि त्यातील कामगारांपुढे पुढे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला.

व्हेस्पाची रचना

कंपनीचे प्रमुख एनरिको पियाजिओ यांनी सर्वसामान्य माणसाला परवडेल असे स्वस्त वाहन तयार करण्याचे ठरवले. इटलीतील रस्ते उखडलेले होते, मोटारी फार थोड्यांकडे होत्या आणि इंधन दुर्मीळ होते. कंपनीच्या बिएल्ला येथील अभियंत्यांनी एमपी-५ हा एक नमुना तयार केला. त्याच्या विचित्र रूपामुळे कामगारांनी त्याला डोनाल्ड डक या बदकाचे इटालियन नाव, पापेरिनो, बहाल केले. एनरिको पियाजिओ यांना तो पसंत पडला नाही आणि त्यांनी नव्याने रचना करण्याचे काम दास्कानियो यांच्यावर सोपवले.

दास्कानियो यांना मोटारसायकल मुळीच आवडत नसे. तिच्यावर बसण्यासाठी पाय वर टाकावा लागतो, साखळीतील तेल कपड्यांना लागते, उघड्या इंजिनामुळे पाय भाजतात आणि चाक पंक्चर झाले की ते काढणे जिकिरीचे होते, हे दोष त्यांना खटकत होते. मोटारसायकलींचा अनुभव नसल्यामुळे प्रचलित रचनेचे दडपणही त्यांच्यावर नव्हते. त्यांनी प्रत्येक दोष वेगळा काढून त्याचे निराकरण केले.

नळ्यांच्या सांगाड्याऐवजी त्यांनी विमानाच्या धडाप्रमाणे पोलादी पत्र्याचे सलग अंग घडवले. हा पत्राच भार पेलत असल्याने वेगळ्या सांगाड्याची गरज उरली नाही. पुढे पायांसाठी सपाट जागा आणि त्यासमोर चिखल व पाऊस अडवणारी ढाल ठेवली. त्यामुळे साडी, झगा किंवा कार्यालयीन पोशाख घातलेली व्यक्तीही सहज बसू शकत असे. पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूच्या आधारावर बसवले, म्हणून ते मोटारीच्या चाकासारखे चटकन काढता येई. गिअर बदलण्याची सोय हँडलवर केली. इंजिन मागील चाकाच्या लगत बसवून त्याची शक्ती थेट चाकाला दिली. त्यामुळे साखळी नाहीशी झाली. या कामात मारियो देस्ते यांनी त्यांना साहाय्य केले.

एमपी-६ या नावाने नमुना तयार झाला. त्याचे रुंद बूड आणि बारीक कंबर पाहून त्याला इटालियन भाषेत गांधीलमाशी असा अर्थ असलेले व्हेस्पा हे नाव मिळाले. २३ एप्रिल १९४६ रोजी फ्लॉरेन्स येथे एकस्वासाठी अर्ज दाखल झाला आणि त्याच वर्षी विक्री सुरू झाली. पहिल्या व्हेस्पाचे इंजिन ९८ घनसेंटिमीटर क्षमतेचे, दोन धावांचे आणि सुमारे ३.२ अश्वशक्तीचे होते. वाहन ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने धावत असे. १९५३ साली प्रदर्शित झालेल्या रोमन हॉलिडे या चित्रपटामुळे व्हेस्पाला इटलीबाहेरही मोठी प्रसिद्धी मिळाली.

इंजिन थंड ठेवण्याची पद्धत

इंजिनात इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा एक भाग वाहन चालवण्यासाठी उपयोगी पडतो. काही उष्णता धुरावाटे जाते, तर बरीचशी सिलिंडरच्या भिंतीत शिरते. ती सतत बाहेर काढली नाही, तर तेलाचा थर जळतो, दट्ट्या फुगून सिलिंडरला घट्ट बसतो आणि इंजिन जाम होते. दोन धावांच्या इंजिनात प्रत्येक फेरीला ज्वलन होत असल्याने हा प्रश्न अधिक तीव्र असतो.

मोटारसायकलचे इंजिन उघडे असते. सिलिंडरभोवती असलेल्या धातूच्या पातळ पट्ट्यांवरून वारा वाहतो आणि उष्णता वाहून नेतो. दास्कानियो यांनी मात्र कपडे आणि पाय सुरक्षित राहावेत म्हणून इंजिन आवरणाखाली झाकले होते. म्हणजे वापरणाऱ्याची सोय साधताना त्यांनीच इंजिनाचा वारा अडवला होता. एमपी-६ या नमुन्यात आवरणाला फटी ठेवून वारा आत घेण्याची योजना होती. परंतु ती पुरेशी नव्हती. वाहन चढावर हळू चालले किंवा गर्दीत थांबले की वारा थांबे आणि इंजिन मात्र तापतच राही.

विक्रीसाठी तयार झालेल्या व्हेस्पात यावर उपाय केला गेला. इंजिनाच्या दांड्यावरील जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, पंख्याची पाती दिली आणि त्यातून निघणारी हवा पत्र्याच्या आवरणाद्वारे थेट सिलिंडरच्या पट्ट्यांवर सोडली. वाहन उभे असले तरी इंजिन चालू असेपर्यंत पंखा फिरत राही. इंजिनाचा वेग वाढला की हवाही वाढे. पंप, रेडिएटर, रबरी नळ्या किंवा तापमान नियंत्रित करणारी झडप यांपैकी काहीच लागत नसे. जे भाग मुळात नाहीत ते गळत नाहीत, तुंबत नाहीत आणि बदलावेही लागत नाहीत.

या योजनेला मर्यादाही होत्या. पंखा फिरवण्यात इंजिनाची थोडी शक्ती खर्च होते. आवरणात धूळ किंवा तेलकट मळ साचला, तर हवेचा मार्ग अडतो. पाण्याइतके समान तापमान हवेने राखता येत नाही आणि इंजिनाचा आवाजही अधिक येतो. कमी शक्तीच्या इंजिनासाठी ही किंमत माफक होती. अधिक शक्तीच्या इंजिनासाठी ती परवडत नाही.

आपे

व्हेस्पाच्या यशानंतर माल वाहून नेणाऱ्या छोट्या वाहनाची गरज पुढे आली. युद्धानंतरच्या इटलीत लहान व्यापाऱ्याला मोटार ट्रक परवडणारा नव्हता. दास्कानियो यांनी व्हेस्पाचाच पुढील भाग कायम ठेवून मागे दोन चाके आणि मालासाठी सपाट हौदा असलेले तीनचाकी वाहन सुचवले. १९४८ साली ते बाजारात आले. त्याचे नाव आपे, म्हणजे मधमाशी, असे ठेवण्यात आले. महाराष्ट्रात त्याचा उच्चार सामान्यतः ॲपे असा केला जातो. अरुंद गल्लीत शिरू शकणारे, अल्प खर्चात चालणारे आणि गावातल्या कारागिराला दुरुस्त करता येणारे हे वाहन इटलीतील भाजीवाले, दूधवाले आणि शेतकरी यांच्यात लोकप्रिय झाले. भरल्या ओझ्याने संथ गतीने चढ चढणाऱ्या अशा वाहनाला पंख्याने थंड होणारे इंजिन विशेष सोयीचे होते.

उत्तरायुष्य

स्कूटरच्या यशामुळे पियाजिओ कंपनी सावरली. दास्कानियो मात्र पुन्हा हेलिकॉप्टरकडे वळले. पीडी-३ चे काम त्यांनी पुढे नेले आणि त्यानंतर पीडी-४ हे यंत्र तयार केले. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी पीडी-४ ला अपघात झाला आणि कंपनीने हेलिकॉप्टरचे काम थांबवले. स्कूटर आणि तीनचाकी यांतून उत्पन्न मिळत असताना खर्चिक प्रयोग पुढे चालवण्याची कंपनीची तयारी नव्हती.

१९६० च्या दशकात त्यांनी पियाजिओ सोडली आणि हेलिकॉप्टर बनवणाऱ्या आगुस्ता या इटालियन कंपनीसाठी काम केले. तेथे त्यांनी वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी एक लहान हेलिकॉप्टर तयार केले. दोन्ही नावांवरून त्याला एडीए असे म्हटले जाई. त्याचेही कारखान्यातून उत्पादन झाले नाही. अनेक दशके ज्या यंत्राचा त्यांनी पाठपुरावा केला, ते त्यांच्या रचनेनुसार बाजारात कधीच आले नाही. लोक आपल्याला केवळ स्कूटरचा जनक म्हणून ओळखतात, याची खंत त्यांना होती. ६ ऑगस्ट १९८१ रोजी पिसा येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारतातील प्रसार

दास्कानियो यांची वाहने भारतात प्रामुख्याने महाराष्ट्रातून पोहोचली. बजाज समूहाची बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली आणि १९४८ पासून तिने परदेशी बनावटीची दुचाकी व तीनचाकी वाहने आणून विकण्यास प्रारंभ केला. सायकल रिक्षा ओढणाऱ्या माणसाचे कष्ट कमी व्हावेत, या हेतूने पुण्याचे उद्योजक नवलमल फिरोदिया यांनी तीनचाकी वाहनाला प्रवासी रिक्षाचे रूप देण्यासाठी पुढाकार घेतला. भारतीय शहरांत रूढ झालेल्या ऑटोरिक्षाचे मूळ असे आपेच्या मालवाहू रचनेत आहे.

कंपनीला १९५९ साली भारतात वाहने तयार करण्याचा सरकारी परवाना मिळाला. बजाज ऑटोने पियाजिओच्या परवान्याखाली व्हेस्पाचे उत्पादन सुरू केले. त्या काळी उत्पादनावर सरकारी मर्यादा असल्याने नोंदणी केल्यानंतर स्कूटर हाती येण्यास अनेक वर्षे लागत. १९७१ साली हा करार संपुष्टात आला. त्यानंतर बजाजने चेतक या नावाने स्कूटर काढली. पत्र्याचे सलग अंग, एका बाजूला झाकलेले इंजिन, हँडलवरील गिअर आणि पंख्याने होणारा थंडावा ही दास्कानियो यांची वैशिष्ट्ये चेतकमध्ये कायम राहिली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी पुढे उभे मूल आणि मागे पत्नी अशा बेताने जी स्कूटर चालवली, तिची मूळ रचना दास्कानियो यांची होती.

बारामतीतील उत्पादन

पियाजिओने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ग्रीव्हज या भारतीय कंपनीच्या भागीदारीत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या बारामती येथील वसाहतीत कारखाना उभारला. २००१ साली ही कंपनी पूर्णपणे पियाजिओच्या मालकीची झाली. येथे तयार होणारी आपे मूळ इटालियन वाहनापेक्षा मोठी आणि दणकट असून तिच्यात प्रामुख्याने एक सिलिंडरचे डिझेल इंजिन वापरले गेले. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्यामुळे ऊस, द्राक्षे, डाळिंबे आणि भाजीपाला यांची शेती आहे. शेतातील क्रेट बाजार समितीत नेणे, दूध संकलन केंद्रावर पोहोचवणे आणि एसटी न पोहोचणाऱ्या वाड्यावस्त्यांवर प्रवासी नेणे ही कामे ग्रामीण महाराष्ट्रात आपेने मोठ्या प्रमाणावर केली.

२०१२ साली बारामती येथेच व्हेस्पा स्कूटरचे उत्पादन सुरू झाले. त्या १२५ घनसेंटिमीटरच्या स्कूटरचे इंजिन चार धावांचे असले, तरी ते हवेनेच थंड होणारे होते. पुढे याच ठिकाणी एप्रिलिया या नावाच्या दुचाकीही तयार होऊ लागल्या. २०२३ साली आलेल्या एप्रिलिया आरएस ४५७ या दोन सिलिंडरच्या मोटारसायकलचे इंजिन मात्र द्रवाने थंड होणारे आहे. दास्कानियो यांनी टाळलेला रेडिएटर या मोटारसायकलमध्ये आहे.

द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनात, मग ते मोटारसायकलचे असो वा मोटारीचे, पंपाच्या साहाय्याने कूलंट सिलिंडरभोवती फिरवले जाते आणि त्याची उष्णता रेडिएटरमध्ये हवेला दिली जाते. कूलंट हे सामान्यतः पाणी, एथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी द्रव्ये यांचे मिश्रण असते. ग्लायकॉलमुळे मिश्रणाचा उत्कलनबिंदू वाढतो आणि गोठणबिंदू खाली येतो. गंजरोधक द्रव्ये कालांतराने संपतात, म्हणून वाहन उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत कूलंट बदलावे लागते. अनेक वाहनधारक हे काम घरीच करतात. त्यासाठी इंजिन पूर्ण थंड होणे अत्यावश्यक असते. कारण तापलेल्या अवस्थेत यंत्रणेत दाब असतो आणि झाकण उघडताच उकळते कूलंट अंगावर उडते. जुने कूलंट खालच्या बोळातून भांड्यात काढून, यंत्रणा शुद्ध पाण्याने धुऊन, नवे मिश्रण भरले जाते आणि आत अडकलेली हवा काढली जाते. बारामती-इंदापूर परिसरात अनेक विहिरी व बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त आहे. असे पाणी रेडिएटरमध्ये भरल्यास आतील अरुंद नळ्यांत क्षारांचा थर बसतो, म्हणून मिश्रणासाठी ऊर्ध्वपातित पाणी वापरणे इष्ट असते. ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असते. त्यामुळे काढलेले कूलंट लहान मुले, कुत्री-मांजरे आणि गुरे यांच्यापासून दूर ठेवावे लागते. ते गटारात किंवा शेतात ओतणे धोक्याचे असते.

बारामतीत तयार होणाऱ्या आपेचा विद्युत घटावर चालणारा प्रकार २०१९ च्या अखेरीस बाजारात आला. त्यात इंधनाचे ज्वलनच होत नसल्याने इंजिन थंड ठेवण्याचा जुना प्रश्न उरत नाही.

मूल्यमापन

दास्कानियो यांचे हेलिकॉप्टरविषयक कार्य तांत्रिक दृष्ट्या काळाच्या पुढे होते, परंतु त्यामागे पुरेसे भांडवल आणि सातत्यपूर्ण सरकारी आश्रय नव्हता. याउलट ज्या वाहनाविषयी त्यांना विशेष प्रेम नव्हते, त्याने त्यांचे नाव टिकवले. या दोन्ही कामांमागील विचारपद्धती मात्र एकच होती. हेलिकॉप्टरमध्ये त्यांनी एका रोटरचा पीळ दुसऱ्या रोटरने नाहीसा केला. व्हेस्पात इंजिन झाकल्यामुळे अडलेला वारा त्याच इंजिनाच्या फ्लायव्हीलने मिळवला. नव्या अडचणीसाठी नवा भाग जोडण्यापेक्षा यंत्रात आधीपासून असलेल्या भागाकडून अधिक काम करून घेणे, हे त्यांच्या रचनेचे सूत्र म्हणता येईल.

या सूत्राचा लाभ यंत्रशास्त्राची माहिती नसलेल्या माणसाला झाला. पाणी तपासणे, साखळीला तेल देणे किंवा चाकासाठी सगळे वाहन खोलणे या कामांतून व्हेस्पाचा मालक मोकळा झाला. आधुनिक इंजिने अधिक शक्तिशाली आणि कमी प्रदूषण करणारी आहेत. त्यासाठी लागणारे समान तापमान द्रवामुळेच राखता येते, आणि त्याच्या मोबदल्यात कूलंटची निगा पुन्हा मालकाकडे आली आहे. पोंतेदेरा येथील पियाजिओ संग्रहालयात व्हेस्पा आणि आपे यांचे जुने नमुने जतन केले आहेत, तर बारामती परिसरातील रस्त्यांवर त्यांचे वंशज दररोज माल आणि माणसे वाहून नेत आहेत.